रिकाम्या कॅनचं वजन

"मशीन बरोबर आहे," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

चेअरमनसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हीटर बरोबर. वीज बरोबर. मशीन बरोबर. मग पाणी का तापंना, इंजिनिअर?"

"तापतं साहेब. पण टिकत नाही."

"म्हंजी मशीन बरोबर अन् बाई चुकीची. असंच की न्हाय?"

त्यांनी समोरच्या फायलीतला एक कागद बोटानं बाजूला सरकवला. तो कागद गोदाबाईंना कायम करण्याचा होता. गोदाबाई सहा वर्षं रोजंदारीवर ते मशीन चालवत होत्या. शनिवारी कमिटीची मीटिंग होती आणि त्या कागदावर फक्त सही व्हायची राहिली होती. तो दिवस गुरुवारचा.

"शनिवारपर्यंत कारण द्या," ते म्हणाले. "मशीनचं कारण निघालं तर मशीन दुरुस्त करू. न्हाय निघालं तर बाई बदलू. दूध नासायचं तर थांबलं पायजे."

अडचण अशी होती की मी खरं बोलत होतो. मशीन खरोखरच बरोबर होतं. आणि मी जितक्या वेळा ते सांगत होतो तितक्या वेळा तो कागद सहीपासून लांब जात होता.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या एका दुष्काळी उन्हाळ्यातली. मी तेव्हा उस्मानाबादला दूध संघाच्या मेंटेनन्स खात्यात होतो. इंजिनिअर नव्हतो, डिप्लोमा होता. पण चेअरमनसाहेब पाना-पक्कड हातात धरणाऱ्या प्रत्येकाला इंजिनिअर म्हणायचे. मन खुशीत असलं की आदरानं, नसलं की टोमण्यानं.

ते चेअरमन असलेलं सहकारी शीतकरण केंद्र कळंब तालुक्यात होतं. गावोगावच्या सोसायट्यांचं दूध कॅनमधून तिथं यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं पुढं जायचं. रिकामे झालेले कॅन तिथंच धुऊन त्याच ट्रकनं गावांना परत जायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत नवं दूध. कॅन नीट धुतला गेला नाही तर ते नवं दूध केंद्रावर येईपर्यंत आंबतं. ऊन वाढलं तसं गेल्या दहा दिवसांत एका ट्रकचं दूध तीनदा नासलं होतं. हा ट्रक लांबच्या सहा गावांचा, चाळीस कॅनचा. संघानं केंद्राला लेखी ताकीद दिली आणि मला एसटीनं पाठवून दिलं.

कपडे धुण्याचं मशीन त्या काळी मी आमच्या जिल्ह्यात कोणाच्या घरी पाहिलं नव्हतं. माझ्या वाट्याला आलेलं धुण्याचं मशीन हे असं, दुधाचे कॅन धुणारं. काम साधं. कॅन उपडा ठेवायचा आणि पायानं पेडल दाबायचं. खालून आधी गार पाण्याचा फवारा येतो, मग सोड्याच्या पाण्याचा, शेवटी कडक पाण्याचा. हे कडक पाणी ऐंशी अंश असावं लागतं. त्याची दोन कारणं. एक, दुधाचा स्निग्ध थर कोमट पाण्यानं सुटत नाही. दुसरं, ऐंशी अंशांच्या पाण्यानं कॅन इतका तापतो की उपडा ठेवला की पाच मिनिटांत स्वतःच कोरडा होतो. ओला कॅन झाकण लावून ठेवला की आत जंतू वाढायला मोकळे.

कडक पाण्याची टाकी तीनशे लिटरची. तिच्यात सहा किलोवॅटचे तीन हीटर, म्हणजे एकूण अठरा. पाणी ऐंशीला पोचलं की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, खाली आलं की चालू करतो. जेवढं पाणी खर्च होईल तेवढं गार पाणी फ्लोटमधून टाकीत आपोआप येतं. आपल्या संडासाच्या टाकीत असतो तसलाच फ्लोट.

मंगळवारी मी गेलो तेव्हा धुण्याचं काम संपलं होतं. त्यामुळं निवांत तपासता आलं. पहिल्यांदा पाहिली वीज. व्होल्टेज कमी असेल तर हीटर पूर्ण ताकदीनं चालत नाही. दोनशे तीस ऐवजी एकशे नव्वद मिळालं तर अठराचे बारा किलोवॅट होतात. आमच्या भागात हे नेहमीचं होतं. पण मीटरनं दाखवलं दोनशे पंचवीस. मला आधी मीटरचीच शंका आली. मग लक्षात आलं, विहिरी आटल्या होत्या. उपसायला पाणी नाही म्हणून शेतातल्या मोटारी बंद, आणि मोटारी बंद म्हणून लाइनवर लोड नाही. दुष्काळानं व्होल्टेज सुधारलं होतं.

मग हीटर. टाँग टेस्टर म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचं साधन. तिन्ही हीटर पंचवीस-पंचवीस अँपिअर घेत होते. एकही हीटर गेलेला नव्हता. टाकीत गार पाणी भरून घड्याळ लावलं. पंचवीस अंशांवरून ऐंशीला जायला बाहत्तर मिनिटं लागली. कागदावर हिशेब केला तर सदुसष्ट येत होती. पाच मिनिटं टाकीच्या पत्र्यातून बाहेर गेली असं धरलं. याहून चांगलं मशीन मी त्या वर्षी पाहिलं नव्हतं.

"क्षार चढला असंल," चेअरमनसाहेब म्हणाले. "टँकरचं पाणी लई जड आहे. भांड्यावर पांढरं बसतंय."

क्षार होता. पण हीटरवर क्षार चढला म्हणून पाणी कमी तापत नाही. वीज जेवढी हीटरमध्ये गेली तेवढी उष्णता पाण्यातच येणार, तिला जायला दुसरी जागा नाही. क्षारानं हीटर आतून जास्त तापतो आणि एक दिवस जळतो, एवढंच. हे मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते बराबर आहे. पण काढा क्षार." मी काढला. अर्धा दिवस गेला. एक घमेलं भरून पांढरे पापुद्रे निघाले. चेअरमनसाहेबांनी ते घमेलं दोन डायरेक्टरांना दाखवलं.

बुधवारी सकाळी साडेसातपासून मी मशीनशेजारी उभा राहिलो. तिथं गोदाबाईंची पहिली भेट झाली. पन्नाशीच्या आसपासच्या, किडकिडीत. पदर खोचलेला, पायांत सायकलच्या टायरच्या चपला. गावाबाहेर बौद्धवाड्यात राहायच्या आणि सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी केंद्रावर यायच्या. मशीनशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असायची. तिच्यात त्यांनी दर अर्ध्या तासाला पाण्याचं तापमान लिहायचं, असा नियम होता. त्या प्रौढांच्या वर्गात आकडे शिकल्या होत्या. त्यांचा आठ जरा आडवा पडायचा.

मी मागची पानं चाळली. रोज तेच. सुरुवातीला ऐंशी, मग एकाहत्तर, मग त्रेसष्ट, शेवटी अठ्ठावन्न.

"हे तुम्हीच लिहिता, गोदाबाई?"

"व्हय. काट्यावर दिसंल ते लिवते."

मी काचेचा थर्मामीटर टाकीत बुडवून टाकीवरचा काटा तपासला. दोन अंश कमी दाखवत होता, फार नाही. त्या दिवशी नव्वद कॅन धुतले गेले. तापमान ऐंशी, एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. उत्तम.

चेअरमनसाहेब आनंदानं म्हणाले, "बघा, क्षारच व्हता."

गुरुवारी सकाळी मला त्यांनीच ऑफिसात बोलावून घेतलं. केंद्राची बाकीची कामं दाखवायची होती. दीड तास गेला. परत येऊन वही पाहिली तर ऐंशी, बाहत्तर, चौसष्ट, एकोणसाठ. त्यावरून तो वर सांगितलेला संवाद झाला. निघताना ते म्हणाले, "तुमी उभं ऱ्हायलं की तापतंय, तुमी गेलं की गार पडतंय. मग असं करा, मशीनपाशी खाट टाका अन् इथंच ऱ्हावा. बायकापोरांना बी आणा."

मला ते लागलं. पण त्यात माहिती होती. मी असताना आणि मी नसताना यांत फरक होता. मशीनला मी दिसत नाही. म्हणजे फरक माणसांत होता. इथवर चेअरमनसाहेबांचं आणि माझं एकमत होतं. प्रश्न एवढाच, की नेमकं काय होत होतं?

हीटर तेवढेच. वीज तेवढीच. मग पाणी थंड राहायला एकच वाट उरते. टाकीतून जास्त पाणी बाहेर जातंय आणि त्याच्या जागी जास्त गार पाणी आत येतंय. हे मोजता येण्यासारखं होतं.

केंद्राचं पाणी टँकरनं यायचं आणि जमिनीखालच्या हौदात साठायचं. हौद चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद. म्हणजे दहा चौरस मीटर. पाणी एक सेंटीमीटर उतरलं की शंभर लिटर गेले. मोजायला याहून सोयीचा हौद मिळणार नाही. नव्वद कॅनला गार फवाऱ्याचं पाणी साडेचारशे लिटर आणि कडक पाणी दोनशे सत्तर. दोन्ही मिळून सातशे वीस, म्हणजे सात सेंटीमीटर आणि वर थोडं. मी एका बांबूवर खुणा केल्या. शुक्रवारी काम सुरू होण्याआधी बांबू बुडवला. मग गोदाबाईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, "मी ऑफिसात आहे, काही लागलं तर हाक मारा." खरोखर ऑफिसात जाऊन बसलो. असं करताना थोडं वाईट वाटलं हे कबूल करतो.

काम संपल्यावर बांबू पुन्हा बुडवला. पाणी अकरा सेंटीमीटर उतरलं होतं.

चारशे लिटर जास्त.

कागदावर मांडलं. दीड तासात दोनशे सत्तरऐवजी सहाशे सत्तर लिटर कडक पाणी काढलं तर अठरा किलोवॅट ते कितीवर टिकवतील? उत्तर आलं साठच्या आसपास. वहीत त्या दिवशी अठ्ठावन्न होतं. गोदाबाईंची वही आणि माझं गणित दोन अंशांत जुळत होतं. खोटंच लिहायचं असतं तर त्यांनी रोज ऐंशी लिहिलं असतं. चौकशी झालीच नसती.

आता चारशे लिटर जातात कुठं? फरशी कोरडी होती. पाइप गळत नव्हता. टाकीच्या बुडाला एक कॉक असतो, टाकी साफ करताना पाणी सोडायला. महिन्यातून एकदा लागतो. केंद्रातले बाकीचे पितळी कॉक हिरवट पडले होते. हा मात्र हातानं घासून लखलखत होता. मी तो मंगळवारीच पाहिला होता आणि मनात म्हणालो होतो, बाई स्वच्छ आहेत.

बाहेर ट्रक उभा होता. ड्रायव्हर कादरभाई वर चढून कॅन रचत होते. सहा गावांचे चाळीस कॅन, झाकणं लावलेले. खाली उरलेला एक कॅन त्यांना द्यावा म्हणून मी सहज कानाला धरून उचलला. रिकामा कॅन आठ किलोचा असतो. माझ्या हाताला ती सवय होती. हा जेमतेम वीतभर उचलला गेला. कंबरेतून कळ गेली आणि मी मटकन फळीवर बसलो.

"अरे साब, छोडो!" कादरभाई वरून ओरडले. "कमर जाती ना! वो भरेला है!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

मी झाकण काढलं. वाफ आली. आत दहा लिटर कडक पाणी होतं. चाळीस कॅन, दहा लिटर. चारशे.

गोदाबाई दारात येऊन उभ्या होत्या. हातातला फडका पिळत होत्या. मी म्हणालो, "गोदाबाई, हे कशासाठी?"

"चोरी न्हाय साहेब."

"मी चोरी म्हणालो नाही. कशासाठी, एवढंच विचारतो."

"ह्या साही गावांत हिरी आटल्यात," त्या म्हणाल्या. "टँकर चार दिसाला येतोय. मान्सं हंड्याहंड्याला भांडत्यात. अन् तिथून हितं कॅन येत्यात दुधानं भरून. दुधानं भरलेलं भांडं दुसऱ्याच्या घरचं, साहेब. ते रिकामं कसं लावून देऊ?"

शेजारच्या घरून वाटीभर काही आलं तर वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे माझ्या आईनंही मला शिकवलं होतं. फक्त चाळीस लिटरच्या कॅनला ते लागू होतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आमी आता जुन्या रीती लई सोडल्या," त्या म्हणाल्या. "ही एक ऱ्हायली."

"पण कडक पाणी का? बाहेर गार पाण्याचा नळ आहे."

"त्याला चेअरमनसायबांनी कुलूप लावलंय ना. बाहेर कुणाला थेंब द्यायचा न्हाय म्हनून." मग जरा मान वर करून म्हणाल्या, "अन् नळ उघडा असता तरी म्या गार घातलं नसतं. धुतल्याल्या कॅनात गार पाणी घातलं तर कॅन नासंल. म्हनून टाकीतलं कढत घालते. तेवढं कळतंय मला."

इथंच चूक होती, आणि ती काळजीपोटी झालेली चूक होती. मी त्यांना तिथंच फळीवर बसवून सांगितलं. तुम्ही काढता त्या पाण्यानं टाकी गार पडते. मग त्याच दिवसाचे शेवटचे कॅन अठ्ठावन्न अंशांनी धुतले जातात, त्यांचा थर सुटत नाही. आणि गावात पोचल्यावर लोक पाणी ओतून घेतात, ओल्या कॅनला झाकण लावून पहाटेपर्यंत ठेवतात. रात्रभरात आत जे वाढायचं ते वाढतं. दूध त्यानं नासतं.

त्यांनी सगळं ऐकलं.

"म्हंजी त्यांचं दूध म्याच नासवलं."

"तुमच्या पाण्यानं नासलं."

"एकच की ते," त्या म्हणाल्या. आणि फडका खांद्यावर टाकत, "शनिवारी माझा कागद हाय."

मला ते माहीत होतं.

कादरभाईंनी त्यांच्या परीनं वाट काढली. "साब, लिख डालो ना, कॉक लीक था म्हणून. नवा कॉक बसवा. बात खतम. बाईचा कागद बी होईल."

सोपं होतं. कॉक गळत होता असं मी लिहिलं असतं तर कोणी तपासायला आलं नसतं. पण चारशे लिटर गळाले असते तर फरशीवर तळं झालं असतं. असला रिपोर्ट मी वाचला असता तर लिहिणाऱ्याला खुळ्यात काढलं असतं. शिवाय कारण खोटं लिहिलं की उपायही खोटा होतो. नवा कॉक बसवून दूध नासायचं थांबणार नव्हतं. त्या संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला, खरा. फक्त पूर्ण लिहिला. पाणी किती गेलं, कुठून, कुठं, कोणाच्या हातून आणि काय समजुतीनं. वहीतले आकडे शेवटपर्यंत खरे लिहिले गेले म्हणूनच कारण सापडलं, हेही लिहिलं. आणि एक ओळ स्वतःबद्दल: तीन दिवस मी मशीन तपासलं, ते चालवणाऱ्या बाईंना वहीपलीकडं काहीही विचारलं नाही.

शनिवारी मीटिंगच्या आधी चेअरमनसाहेबांनी मला, गोदाबाईंना आणि कादरभाईंना ऑफिसात बोलावलं. रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला. चेहरा लाल झाला.

"म्या कुलूप लावलं अन् तू बुडातून पाणी काढलंस?"

"व्हय," गोदाबाई म्हणाल्या.

"रोज?"

"रोज. महिना झाला. फकस्त बुधवारी न्हाय, हे साहेब उभं व्हतं."

"कुणाकुणाला?"

"साही गावांला सारखंच. मोजून धा लिटर."

ते कादरभाईंकडं वळले. "अन् तू गाडी भरून पाणी वाटत फिरतोस. गावात उतरल्यावर काय सांगायचास?"

"सांगायचो काय साब," कादरभाई अवघडून म्हणाले. "सोसायटीचं पाणी म्हणायचो. लोक खुश होते. पाचवा थांबा झाला की शेवटचा तुमचाच गाव. तिथं तुमच्या घरचे दोन कॅन. अम्माजी स्वतः गडी पाठवून वाड्यावर नेतात. पाणी गरम असतंय ना, नहाने को."

ऑफिसातला पंखा फिरत होता. त्याची एक पात कुठंतरी घासत होती.

"आई सारखी म्हणती," चेअरमनसाहेब आमच्याकडं न बघता म्हणाले, "सोसायटीचं पाणी लई चांगलं, ऊन ऊन येतंय. म्या म्हटलं, कोण तरी डायरेक्टर माझ्यावर उपकार करतोय. म्हनून कुणाला इचारलं न्हाय." मग आवाज आणखी खाली आला. "दुसऱ्याच्या घागरीला हात लावत न्हाय ती. आयुष्यात कधी लावला न्हाय."

ते पाणी कोणाच्या हातचं आहे हे सहा गावांत महिनाभर कोणी विचारलं नव्हतं. गोदाबाईंनी सांगितलंही नव्हतं.

चेअरमनसाहेबांनी चष्मा घातला. "इंजिनिअर, पाणी बंद केलं तर मशीन बराबर चालंल?"

"चालेल. पण पाणी बंद करायची गरज नाही." हे मी रात्री मांडून ठेवलं होतं. शेवटच्या कडक फवाऱ्याचं पाणी कॅन धुऊन झालं की थेट गटारात जात होतं. रोज दोनशे सत्तर लिटर. त्यात थोडा सोडा असतो, पिण्याचं नाही. पण अंघोळीला, कपड्यांना चालतं. बारा फूट पाइप, एक बेंड आणि एक नळ लावला तर ते पिंपात धरता येईल. पिंप ट्रकवर जाईल, कॅन कोरडे जातील.

"चारशेचं दोनशे सत्तर झालं."

"ते गटारात चाललं होतं साहेब. तुमच्या हौदातून एक लिटरही जास्त जाणार नाही."

"पाइप आहे का आपल्याकडं?"

"कंप्रेसर रूमच्या मागं पडला आहे. मी पाहून ठेवलाय."

"बसवा मग." त्यांनी फाइल ओढली, उघडली, पुन्हा बंद केली. "बाईचं कमिटीत बघू."

पाइप मी दुपारपर्यंत बसवला. रविवारी सकाळी मशीनपासून लांब, कंप्रेसर रूममध्ये बसून राहिलो. काम संपल्यावर वही पाहिली. ऐंशी, ऐंशी, एकोणऐंशी, एकोणऐंशी. आठ नेहमीसारखेच आडवे. बांबू बुडवला. सात सेंटीमीटर आणि वर थोडं.

ट्रक मात्र निघाला नव्हता. कॅन कोरडे, उपडे, ओळीनं मांडलेले होते आणि गोदाबाई त्यांच्याजवळ उभ्या होत्या. पिंप ट्रकवर चढलं होतं.

"काय झालं?"

"पिंप हाय, ते ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पर भांडं तर रिकामंच चाललं की."

कादरभाईंनी कपाळावर हात मारला. मी विचार केला. प्रत्येक गावाच्या दुधाची पावती रोज ट्रकबरोबर जायची, किती लिटर दूध आणि फॅट किती, याची चिठ्ठी. कादरभाई त्या खिशात कोंबून न्यायचे आणि निम्म्या हरवायचे. मी त्या मागून घेतल्या आणि गोदाबाईंच्या हातात दिल्या. "ह्या कॅनच्या कानाला सुतळीनं बांधा. कोरड्या राहतील, हरवणार नाहीत."

"कागुद?" त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला हसू आवरेना. "कागुद काय खायाचा हाय का?"

पण त्यांनी बांधल्या. प्रत्येक गावाच्या पहिल्या कॅनला एक, नीट गाठ मारून. पुढं ती त्या केंद्राची पद्धतच झाली. नंतर आलेल्या मॅनेजरला ती कोणी पाडली हे माहीत नव्हतं.

पाऊस पडेपर्यंत त्या ट्रकचं दूध एकदाच नासलं. तेव्हा ट्रक घाटात तीन तास पंक्चर होऊन पडला होता. त्याला मशीन जबाबदार नव्हतं.

गोदाबाईंचा कागद त्या शनिवारी झाला नाही. कमिटीनं पुढं ढकलला. चार महिन्यांनी मी कंप्रेसरच्या कामाला गेलो तेव्हा त्यांनी मला दोन कागद दाखवले, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. एक कायम केल्याचा. दुसरा, परवानगीशिवाय टाकीतून पाणी काढल्याबद्दल लेखी समज. दोन्हीवर तारीख एकच होती आणि सही एकाच पेनाची.

"हा दुसरा फाडून टाका," मी म्हणालो.

"कशाला? खरंच हाय की ते," त्या म्हणाल्या आणि दोन्ही परत पिशवीत घातले.

त्यानंतर मी बरीच वर्षं मशिनं दुरुस्त केली. तापत नाही अशी तक्रार आली की पहिल्यांदा आत काय आहे ते न बघता बाहेर काय जातंय ते मोजतो. आणि मोजायच्या आधी ते मशीन चालवणाऱ्या माणसाशेजारी बसून चहा घेतो. यानं सरासरी दीड दिवस वाचतो.

घरीही एक सवय लागली आहे. शेजारच्यांचं भांडं आमच्याकडं आलं की बायको ते रिकामं परत करत नाही, आणि मी त्यात कधी आडवा येत नाही. फक्त एवढंच म्हणतो, काय घालायचं ते घाल, पण कोरडं घाल.